चेरिश

प्रेमासाठी इंग्रजीत शब्दांची वाण नाही, पण 'चेरिश'इतका मायेचा शब्द मला दुसरा सापडत नाही. लॅटिन 'कारुस' म्हणजे प्रिय, आणि महागसुद्धा. त्याचं फ्रेंचमध्ये 'शेर' झालं, त्यावरून 'शेरीर' हे क्रियापद आलं आणि चौदाव्या शतकात ते इंग्रजीत 'चेरिश' म्हणून रुळलं. 'चॅरिटी' ही याच 'कारुस'ची नात. भाषातज्ज्ञ तर हे मूळ थेट संस्कृत 'काम'शी, म्हणजे इच्छेशी, नेऊन भिडवतात. चेरीच्या फळाशी मात्र त्याचं काही नातं नाही.

जपणं, निगा राखणं, जिवापाड सांभाळणं हे सगळं 'चेरिश'मध्ये येतं. १५४९च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकात लग्नाच्या शपथेत 'लव्ह'च्या जोडीला 'चेरिश' आहे, आणि ते नवरा-बायको दोघांच्याही तोंडी आहे. आज्ञा पाळण्याचं वचन फक्त बायकोकडून घेतलं, ते मला आजही खुपतं.

आठवणी, मैत्री, हक्क, माणसं यांच्यासाठी हा शब्द खुशाल वापरावा. आंबा कितीही आवडला तरी तिथे तो शोभत नाही. आशेला लावला, की आपलं 'उराशी बाळगणं' त्याला नेमकं बसतं.

ब्रिटनमध्ये गाडीसाठी हौसेने घेतलेल्या नंबरालाही 'चेरिश्ड' म्हणतात. असे काही नंबर लिलावात लाखो पौंडांना गेलेत. 'कारुस'मधला महागपणा तिथे अजून शाबूत आहे.