दोनशे बत्तीस वर्षं थांबलेली संख्या

जिला एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कुठल्याच संख्येनं पूर्ण भाग जात नाही, ती मूळ संख्या. दोन, तीन, पाच, सात ही मंडळी शाळेपासून आपल्या ओळखीची. पण संख्या एकोणचाळीस अंकी असेल, तर ती मूळ आहे हे ओळखायचं कसं?

मारँ मर्सेन हे पॅरिसच्या मठात राहणारे ख्रिस्ती साधू. युरोपभरच्या विद्वानांशी त्यांचा पत्रव्यवहार असे. दोनाचा घात घेऊन त्यातून एक वजा केला, की कधी कधी मूळ संख्या मिळते. १६४४ मध्ये त्यांनी यादीच देऊन टाकली : २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढ्यांनाच मूळ संख्या येते. सिद्धता मात्र दिली नाही.

यातल्या १२७ घातांकाची संख्या अशी : १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. एकेका संख्येनं भागून पाहायचं, तर वीस अंकी संख्यांपर्यंत जावं लागेल. आयुष्यं अपुरी पडतील.

१८७६ मध्ये फ्रेंच गणिती एदुआर ल्यूका यांनी वेगळी वाट काढली. भाजक शोधायचाच नाही! पुढं डेरिक लेहमर यांनी ती रीत सोपी करून मांडली. आपणही ती ३१ वर करून पाहू. दोनाचा पाचवा घात ३२, वजा एक, ३१. सुरुवात चारपासून. वर्ग करायचा, दोन वजा करायचे, ३१ नं भागून बाकी घ्यायची. चाराचे होतात १४. चौदाचे १९४, बाकी ८. आठाचे ६२, बाकी शून्य. घातांकाहून दोन कमी, म्हणजे तीन पायऱ्यांत शून्य आलं. ३१ मूळ ठरली. १२७ साठी अशा सव्वाशे पायऱ्या. ल्यूकांनी यंत्राविना त्या संख्येचं मूळपण सिद्ध केलं आणि १९५१ पर्यंत, तब्बल ७५ वर्षं, तिच्याहून मोठी मूळ संख्या कुणाला ठाऊक नव्हती.

त्याच वर्षी ल्यूकांनी हेही दाखवलं, की यादीतली ६७ ची संख्या मूळ नाही. तिचे अवयव मात्र १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल यांनी न्यूयॉर्कला मांडले : १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. पुढं २५७ ही बाद झाला. ६१, ८९ आणि १०७ हे राहून गेले होते, तेही उमगलं. सगळी यादी तपासून व्हायला १९४७ उजाडलं.

म्हणजे एकाच माणसानं, एकाच दमात, सारख्याच खात्रीनं सांगितलेल्या दोन गोष्टी. १२७ खरी, ६७ खोटी. मर्सेन यांच्या विद्वत्तेकडे पाहून त्यांतली खरी कोणती, हे कुणालाच सांगता आलं नसतं. कवितेची ओळ आम्ही कवी मनाला पटली की ठेवतो. संख्येला तशी सवलत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ४ कोटी १० लाखांहून अधिक अंकांची मूळ संख्या जाहीर झाली. शोधणारे संगणक अतिवेगवान होते, तरी जाहीर करण्याआधी तिलाही त्याच पायऱ्या चढाव्या लागल्या. वर्ग करा, दोन वजा करा, बाकी पाहा.