हलणाऱ्या देहाचे चित्र

२२ डिसेंबर १८९५ रोजी रोंटगेन यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे क्ष-किरणचित्र घेतले, तेव्हा तिला सुमारे १५ मिनिटे हात निश्चल ठेवावा लागला. १९७१ साली लंडनमध्ये हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने रुग्णाच्या मेंदूचे पहिले सीटी-चित्र घेतले. त्या यंत्रात डोके पाण्याच्या पेटीतील रबरी टोपीत बसवावे लागे. देह हलला की चित्र पुसट होई आणि स्थिर राहण्याचा सारा भार रुग्णावर पडे.

परंतु तापलेल्या बालकाला किंवा कंपवाताच्या रोग्याला ‘हलू नका’ असे सांगून काय उपयोग? १९८९ साली एमन आणि फेल्मली यांनी एमआरआयमध्ये निराळा मार्ग दाखविला. चित्रण चालू असतानाच मधूनमधून एक लहानसा संकेत घ्यावा, त्यावरून हालचाल मोजावी आणि गणिताने तिची दुरुस्ती करावी. १९९९ साली जेम्स पाइप यांनी पंख्याच्या पात्यांप्रमाणे फिरत्या पट्ट्यांत मोजमाप घेतले. मध्यभाग प्रत्येक पट्टीत पुन्हा येतो. त्यांची तुलना करताच डोके किती वळले, किती सरकले, ते कळते.

शतकभर यंत्रापुढे रुग्णाने दगड व्हावे अशी अपेक्षा होती. अखेर सजीव देहाच्या चंचलतेचा हिशेब ठेवणे यंत्रालाच शिकावे लागले.