व्हॉल्व्ह आणि लाउडस्पीकर यांची सोयरीक

दादरच्या ज्या रस्त्याला आज दादासाहेब फाळके यांचें नांव आहे, त्याच रस्त्यावर त्यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ तयार केला. तो ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन थिएटरांत लागला. चित्र हालत होतें. पण राजा मुका होता. पुढें त्याच गिरगांवांत, मॅजेस्टिक थिएटरांत, १४ मार्च १९३१ रोजीं ‘आलम आरा’ लागला आणि पडदा बोलूं लागला. मधल्या १८ वर्षांत असें घडलें तरी काय?

उत्तर मुख्यतः दोन वस्तूंत आहे. पहिली व्हॉल्व्ह. फ्लेमिंग यांनीं १९०४ मध्यें त्याचा पाया घातला. १९०६ मध्यें ली डी फॉरेस्ट यांनीं त्यांत तिसरें अग्र बसविलें आणि दुर्बळ विद्युत्-लहरीस बळ देण्याचा मार्ग खुला झाला. दुसरी वस्तु म्हणजे राइस व केलॉग यांनीं १९२५ मध्यें सिद्ध केलेला, हलत्या वेटोळ्याचा व कागदी शंकूचा लाउडस्पीकर. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें आणि या जोडप्याला घराघरांत शिरण्यास वाट मिळाली.

परंतु या दोघांचे स्वभाव अगदीं विरुद्ध. व्हॉल्व्हला उच्च दाब व अल्प प्रवाह मानवतो. लाउडस्पीकरला अल्प दाब व भरपूर प्रवाह हवा. एकास सुमारें ५००० ओहमांचा भार पाहिजे, तर दुसऱ्याजवळ अवघे ८ ओहम. ही सोयरीक जुळविणारा मध्यस्थ म्हणजे आउटपुट ट्रान्स्फॉर्मर. ५००० ला ८ नें भागल्यास ६२५ येतात. त्याचें वर्गमूळ २५. म्हणून व्हॉल्व्हकडील वेटोळ्याचे २५ फेरे, तर लाउडस्पीकरकडील वेटोळ्याचा १ फेरा, हें प्रमाण ठेवलें कीं काम साधतें. त्याच जागीं ४ ओहमांचा लाउडस्पीकर जोडाल, तर व्हॉल्व्हला तो २५०० ओहमांचाच भासेल. मग बहुधा शक्ति घटते आणि स्वरांत खरखर शिरते.

दुसरा प्रश्न बळाचा. जुन्या रेडिओंतील एकटा व्हॉल्व्ह ३-४ वॉट शक्ति देई; तरी दिवाणखाना भरून जाई, कारण लाउडस्पीकरचा शंकु हलका असे. समजा, एका वॉटवर एक लाउडस्पीकर ९४ डेसिबेल देतो व दुसरा ८५. अंतर ९ डेसिबेलांचें. दर ३ डेसिबेलांस शक्ति दुप्पट लागते; म्हणजे दुसऱ्यास आठपट वॉट हवेत. जिथें ३ वॉट पुरत होते, तेथें २४ लागतील. दोष व्हॉल्व्हचा नव्हे, जोडीचा.

हें सारें सांगण्याचें कारण असें कीं, दादरमधील जुनी इमारत सोडतांना एखाद्या घरीं आजोबांचा संच निघतो. कोणी हौसेनें त्याला नव्या धर्तीचा, जड शंकूचा लाउडस्पीकर लावून पाहतो आणि ‘यांत आतां दम नाहीं’ म्हणून तो भंगारांत काढतो. कोणी तर लाउडस्पीकर न जोडतांच संच मोठ्या आवाजावर चालवितो. मग ट्रान्स्फॉर्मरमध्यें दाब भलताच चढतो, तारेवरील आवरण फुटतें आणि पन्नास-साठ वर्षें टिकलेली वस्तु क्षणांत निकामी होते.

तेव्हां असा संच हातीं आल्यास घाई करूं नका. आंतील दाब शेंकडों व्होल्टांचा असतो व बटन बंद केल्यावरही कांहीं काळ राहतो. म्हणून तो जाणत्याकडूनच उघडवा. मूळचा लाउडस्पीकर टाकूं नका. तो बदलणेंच प्राप्त झालें, तर आधीं ओहम पाहा, मग डेसिबेल, आणि शोभा सर्वांत शेवटीं. ज्या आवाजावर आजोबांनीं समाधान मानलें, तो आवाज लहान नव्हता, हें मग तुमच्याच कानांस पटेल.