स्तनातील गाठ : ऑपरेशनला उशीर कुठे होतो आणि तो कसा टाळायचा?

बोरी अरब (ता. दारव्हा) : छातीत गाठ लागते, पण दुखत नाही. मग बाई म्हणते, "कापूस वेचून झाला की दाखवू." दिवाळीपासून वेचणी संपेपर्यंत तीन महिने सहज निघून जातात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हेच तीन महिने महागात पडतात. सुरुवातीला ही गाठ बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून दुखण्याची वाट पाहू नका.

उशिराने काय होतं?
2020 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून मांडले गेले. त्यानुसार स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन चार आठवडे लांबलं तर मृत्यूचा धोका सुमारे 8 टक्क्यांनी वाढतो, बारा आठवडे लांबलं तर सुमारे 26 टक्क्यांनी. पहिल्यांदा दाखवल्यापासून 60 दिवसांत निदान व्हावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

वेळ कुठे जातो?
• घरात : लाज, भीती, लेप-जडीबुटी, आणि "मुलीचं लग्न होऊ द्या".
• तपासणीत : "सुई टोचली की कॅन्सर पसरतो" हा गैरसमज आहे. बायोप्सीशिवाय पक्कं निदान होत नाही. तपासणी न करता गाठ नुसती कापून घेऊ नका. तसं केल्यास पुढचं ऑपरेशन अवघड होऊ शकतं. काढलेली गाठ तपासायला पाठवलीच पाहिजे.
• कागदात : आधार आणि रेशन कार्डावर नाव वेगवेगळं असलं की मंजुरी अडते. माहेरचं-सासरचं नाव हा नेहमीचा घोळ. पहिल्याच आठवड्यात दुरुस्तीला द्या.

प्रत्येक थांबणं म्हणजे उशीर नाही
गाठ मोठी असली किंवा काखेत पसरली असली तर डॉक्टर आधी केमो देऊन गाठ लहान करतात आणि मग ऑपरेशन करतात. हा उपचाराचाच भाग आहे. मात्र केमोने गाठ बसली म्हणून ऑपरेशन सोडू नका.

कुठे जायचं?
आशाताईंना सांगा, जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा दारव्ह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा. पुढे यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. कॅन्सरसाठी नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे.

पैशाचं काय?
महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. हेल्पलाइन : 155388 किंवा 18002332200. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहेच, शिवाय रेल्वेत कॅन्सर रुग्णाला सवलत मिळते.

सोबत ठेवा
आधार, रेशन कार्ड, सगळे रिपोर्ट, बायोप्सीची स्लाइड आणि ब्लॉक. स्लाइड-ब्लॉक नसला की दुसऱ्या दवाखान्यात पुन्हा तपासणी करावी लागते आणि दिवस जातात. ऑपरेशनची तारीख लेखी मागा. तारीख पुढे गेली तर कारण विचारा आणि दुसरीकडे लवकर होईल का, हेही विचारा.

हाताने तपासणीही कामाची
टाटा मेमोरियलने 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाखाहून अधिक महिलांचा अभ्यास केला. त्यातल्या एका गटाला प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. या गटात कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि 50 वर्षांवरील महिलांमध्ये त्याने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले.

म्हणून नवीन गाठ, कातडी ओढली जाणं, बोंड आत जाणं, बोंडातून रक्त किंवा काखेत गाठ, यातलं काहीही दिसलं तर याच आठवड्यात दाखवा. बहुतेक गाठी साध्याच निघतात. पण ते डॉक्टरने तपासून सांगायला हवं.