जगासाठी दुर्मीळ, गोंदियासाठी ओळखीचा: सिकलसेलचं निदान आणि उपचार आता कुठवर आले आहेत?

अमेरिकेत दोन लाखांपेक्षा कमी रुग्ण असलेल्या आजाराला दुर्मीळ म्हणतात. सिकलसेलचे तिथे साधारण एक लाख रुग्ण आहेत, म्हणून तो तिथे दुर्मीळ ठरतो. पण देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावात विचारलं, तर हा शब्द अनेकांनी ऐकलेला असतो. गोंदियासह पूर्व विदर्भ हा देशातल्या सिकलसेलच्या प्रमुख पट्ट्यांपैकी एक आहे. आदिवासी समाजात तो आढळतोच, पण अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय समाजांतही आढळतो.

सिकलसेल म्हणजे नेमकं काय?

रक्तातल्या लाल पेशी गोल आणि लवचीक असतात. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या साखळीतला फक्त एक घटक बदललेला असतो. त्यामुळे ऑक्सिजन कमी झाला की पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, वाकडी पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते. म्हणून रक्त सतत कमी राहतं. लहान मुलांचे हातपाय सुजणं, डोळे पिवळे दिसणं, वारंवार ताप येणं ही त्याची लक्षणं आहेत.

हा आजार संसर्गजन्य नाही. तो आईवडिलांकडून येतो.

वाहक आणि रुग्ण यांत फरक काय?

सदोष जनुक एकाच पालकाकडून आलं, तर ती व्यक्ती वाहक (एएस). तिला सहसा काही त्रास होत नाही. उलट वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळतं. मलेरियाच्या जंगलपट्ट्यात हे जनुक पिढ्यानपिढ्या टिकलं, त्याचं कारण हेच.

दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आलं, तर ती व्यक्ती रुग्ण (एसएस). दोन वाहकांचं लग्न झालं, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के असते. "पहिलं बाळ आजारी, म्हणजे पुढची तीन सुरक्षित" असा याचा अर्थ होत नाही. शक्यता प्रत्येक वेळी तेवढीच राहते.

निदान कसं होतं?

आधी सोल्युबिलिटी चाचणी होते. ती सोपी आणि स्वस्त आहे, पण वाहक कोण आणि रुग्ण कोण हे ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पक्की तपासणी लागते. आता बोटातल्या थेंबभर रक्तावर काही मिनिटांत निकाल देणारे किटही आले आहेत.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. १७ राज्यांत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचं लक्ष्य. जुलै २०२५ पर्यंत सहा कोटींहून अधिक तपासण्या झाल्या. त्यांत सुमारे २.१६ लाख रुग्ण आणि १६.९ लाख वाहक आढळले.

उपचार आहेत का?

आहेत. हायड्रॉक्सीयुरिया हे स्वस्त औषध रोज घेतलं, तर वेदनेचे झटके आणि रक्त चढवण्याची गरज कमी होते. त्यासोबत फॉलिक ॲसिड, लसीकरण आणि भरपूर पाणी पिणं गरजेचं असतं. मात्र हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक काळाने रक्त तपासूनच घ्यायचं. गरोदरपणाचा विचार असेल, तर आधीच डॉक्टरांशी बोला.

अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो. पण त्यासाठी जुळणारा दाता लागतो आणि सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता चारात एक असते.

जनुकीय उपचाराचं काय?

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने 'कॅसजेव्ही' या जगातल्या पहिल्या क्रिस्पर उपचाराला मान्यता दिली, पुढच्याच महिन्यात अमेरिकेनेही दिली. रुग्णाच्याच मूळ पेशी काढून, त्यांत बदल करून परत सोडल्या जातात. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटी रुपयांहून जास्त! दिल्लीतली आयजीआयबी ही सरकारी संशोधन संस्था स्वस्त देशी उपचारावर काम करत आहे.

पण प्रत्येक आशा खरी ठरतेच असं नाही. 'व्हॉक्सेलोटर' हे नवं औषध सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने सुरक्षेच्या कारणावरून जगभरातून मागे घेतलं.

मग आज काय करता येईल?

लग्नाआधी पत्रिकेसोबत रक्ताचा रिपोर्टही बघा. दोघंही वाहक असाल, तर गरोदरपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांतच डॉक्टरांकडे जाऊन गर्भाच्या तपासणीबद्दल विचारा. घरात एक रुग्ण सापडला, तर भावंडांचीही तपासणी करा.

हक्कही माहीत असू द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेलचा समावेश आहे. रुग्णांना एसटीच्या साध्या बसमध्ये मोफत प्रवासाची सवलतही आहे.

शाळेत "पाय दुखतात" म्हणणारं मूल दरवेळी बहाणा करत असतं असं नाही. तपासणी झाली, तर त्या दुखण्याला नाव मिळतं आणि औषध वेळेत सुरू होतं.