उसना आवाज : ‘केन्कू’ या पक्षिवंशाची चार रूपे

१

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या लहान गावातून १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. टेबलाभोवती बसलेली चार-सहा माणसे, फासे, नियमग्रंथ आणि बोलणे एवढीच या खेळाची सामग्री. एक जण सूत्रधार होतो आणि कल्पित जगाचे वर्णन करतो. उरलेले खेळाडू प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात आणि आपले पात्र त्या जगात काय करते, काय बोलते, ते सांगतात. निकाल अनिश्चित असेल तेथे फासा निर्णय देतो. रंगमंच, प्रेक्षक, आधी रचलेले संवाद यांपैकी काहीही येथे नसते. तरीही निवेदक, पात्र, संवाद, घटनाक्रम ही कथनाची सारी अंगे येथे असतात आणि ती सर्व मौखिक असतात. अशा खेळाचा नियमग्रंथ एका अर्थी कथनाची घटनाच असतो : कोणाला बोलता येईल आणि कोणत्या रीतीने, हे तो ठरवतो.

या दृष्टीने ‘केन्कू’ या पक्षिवंशाचा इतिहास लक्षणीय आहे. १९८१ ते २०२२ या काळात नियमग्रंथांतून तो पुनःपुन्हा नव्याने वर्णिला गेला. त्याचे पंख गेले, चोच राहिली, ससाण्याचा कावळा झाला. परंतु खरा पालट झाला तो त्याच्या आवाजाचा. प्रथम मौन, मग नक्कल, त्यानंतर शाप आणि शेवटी स्मृती अशी या आवाजाची चार रूपे दिसतात. त्यांपैकी तिसऱ्या रूपाने या खेळाला उसन्या शब्दांतून बोलण्याचा एक दुर्मीळ रूपबंध दिला आणि त्याच वेळी एका संपूर्ण वंशाला प्रतिभाशून्य ठरवले. चौथ्या रूपाने हा अन्याय दूर केला, पण त्यासोबत रूपबंधाची सक्तीही नाहीशी झाली. या दोन गोष्टी एकमेकींपासून विलग करता येत होत्या काय, हा या इतिहासातील खरा वाङ्मयीन प्रश्न आहे.

२

प्रारंभीच्या नियमग्रंथात याविषयी बरीच मोकळीक होती. खेळाडूला जवळजवळ कोणताही जीव होऊन खेळता येईल, मात्र त्याने दुबळ्या अवस्थेपासून सुरुवात करावी, असे १९७४च्या पुस्तिकेत सुचवले होते; उदाहरण होते तरुण ड्रॅगनचे. १९७९च्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’मध्ये गायगॅक्स यांनी ही मोकळीक आवरली. ‘मॉन्स्टर’ला खेळाडूचे पात्र करण्याच्या प्रश्नाला त्यांनी एक स्वतंत्र टिपण दिले आणि हा खेळ माणसाला केंद्रस्थानी ठेवून रचलेला आहे, अशी भूमिका मांडली. मनुष्य आणि मनुष्यसदृश मोजके वंश एका बाजूला, उरलेली सारी जीवसृष्टी दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी यामुळे पक्की झाली.

१९८१ साली डॉन टर्नबुल यांच्या संपादनाखाली ‘फीन्ड फोलिओ’ हा ग्रंथ निघाला. त्यातील बराचसा मजकूर ‘व्हाइट ड्वार्फ’ या ब्रिटिश मासिकाच्या वाचकांनी पाठवलेला होता. केन्कू आणि ‘आराकोक्रा’ हे दोन पक्षिमानव या ग्रंथात प्रथम आढळतात. ग्रंथातील नोंदींचा साचा ठरलेला असे : किती संख्येने आढळतात, चिलखताचा अंक किती, वेग किती, जवळ धन किती. सामोऱ्या येणाऱ्या आणि बहुधा शस्त्र उगारणाऱ्या माणसाच्या नजरेने केलेले हे वर्णन आहे. वर्ण्य जीव स्वतः काय पाहतो, याला त्या साच्यात जागा नाही. केन्कू येथे ससाण्याच्या तोंडवळ्याचा, हात आणि पंख दोन्ही असलेला, उडणारा प्राणी आहे. तो लबाड आहे. आणि तो बोलत नाही. नोंदीच्या साच्यात ज्याला दृष्टिकोन नाही, त्याला वाचाही नसावी, हे सुसंगतच म्हणावे लागेल.

केन्कूमागे जपानी ‘तेंगू’ची परंपरा आहे, आणि ती मौनाची मुळीच नाही. ७२० साली पूर्ण झालेल्या ‘निहोन शोकी’ या इतिहासग्रंथात ६३७ सालच्या एका आकाशस्थ गर्जनेच्या संदर्भात हा शब्द येतो. चिनी लिपीत त्याचा अर्थ ‘स्वर्गीय कुत्रा’ असा होतो. पुढे या कुत्र्याचा पक्षी झाला. बाराव्या शतकातील ‘कोंजाकु मोनोगातारी’ या कथासंग्रहात तेंगू घारीच्या रूपाने वावरतात आणि बौद्ध भिक्षूंना भुलवतात. त्यातील एका कथेत झाडावर प्रकटलेला तेजस्वी बुद्ध एका शहाण्या अधिकाऱ्याच्या स्थिर नजरेपुढे टिकत नाही आणि अखेर पक्षी होऊन खाली कोसळतो. तोरियामा सेकिएन यांनी १७७६ साली काढलेल्या चित्रातही तेंगू पक्षीच आहे. तेंगूच्या चोचीचा संबंध काही अभ्यासक ‘कारुरा’शी जोडतात, कारुरा म्हणजे बौद्ध धर्माबरोबर जपानात पोहोचलेला गरुड. हा संबंध मान्य केला तर वैनतेयाच्या वंशावळीची एक दूरची फांदी विस्कॉन्सिनच्या खेळापर्यंत जाते. मात्र मातेला दास्यातून सोडवणारा गरुड या प्रवासात गळून पडला आणि दुसऱ्याचे रूप घेऊन फसवणारा पक्षी तेवढा उरला.

आराकोक्राचा मार्ग वेगळा होता. १९९३ साली बिल स्लाविचेक यांच्या ‘द कम्प्लीट बुक ऑफ ह्युमनॉइड्स’ने त्याला खेळाडूचे पात्र होण्याची मुभा दिली. २०१५मध्ये ‘एलिमेंटल ईव्हिल’ या कथामालेच्या पुरवणीत तो पुन्हा आला, तेव्हा त्याला एका खेळीत ५० फूट उडता येत असे. २०२२मध्ये हा वेग चालण्याच्या वेगाइतका, म्हणजे ३० फूट, करण्यात आला. दरी, तटबंदी, सापळा यांवर रचलेल्या साहसकथेत पहिल्याच पायरीवर उडणारे पात्र सूत्रधाराची अडचण करते, हे उघड आहे. आराकोक्राविषयीचा प्रश्न असा अवकाशाचा होता आणि तो आकड्यांनी सोडवता आला. केन्कूचा प्रश्न भाषेचा होता. तेथे आकड्यांची मात्रा चालणारी नव्हती.

३

२००४च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल थ्री’मध्ये केन्कूचे पंख गेले आणि त्याच्या जागी एक कौशल्य आले : ऐकलेला कोणताही आवाज, स्वर, उच्चाराची ढब हुबेहूब काढण्याचे. या टप्प्यावर नक्कल हे चोराच्या हाती असलेले एक हत्यार आहे. २०१४च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ने या हत्याराला पुराकथा जोडली आणि २०१६च्या ‘व्होलोज गाइड टू मॉन्स्टर्स’ने ती कथा खेळाडूच्या पात्रावर लादली. एका सामर्थ्यवान स्वामीच्या सेवेत असलेल्या केन्कूंनी त्याचे धन चोरण्याचा कट केला. त्याबद्दल त्यांना तिहेरी शिक्षा झाली : पंख झडले, नवनिर्मितीची ठिणगी आत्म्यातून काढून घेतली गेली आणि वाचा हिरावली गेली. नियमांच्या भाषेत याचा अर्थ असा की, केन्कूला लिहिता-वाचता येते, दुसऱ्याचे हस्ताक्षर आणि कारागिरी सही-सही उतरवता येते, परंतु पूर्वी ऐकलेल्या ध्वनींवाचून बोलता येत नाही.

या निर्बंधाचा परिणाम खेळाच्या टेबलावर पाहिला पाहिजे. समजा, दाराआड धोका आहे आणि सोबत्यांना सावध करायचे आहे. केन्कूजवळ स्वतःचे वाक्य नाही. पहारेकऱ्याचे ‘थांबा’, कुठल्याशा घरातील मुलाचे रडणे, काल मेलेल्या सोबत्याचा खोकला एवढे त्याच्यापाशी आहे. यातून त्याने अर्थ जुळवायचा आणि श्रोत्यांनी तो ओळखायचा. मृताचा खोकला ऐकताच सोबती थबकतात. धोक्याची सूचना मिळते आणि शोकही जागा होतो. उच्चार तोच राहतो, संदर्भ बदलतो आणि अर्थ पालटतो. भाषेतील शब्द बोलणाऱ्याचा होण्यापूर्वी इतरांच्या तोंडी वावरलेला असतो, हे बाख्तिन यांचे प्रतिपादन आणि प्रत्येक संहिता इतर संहितांच्या विणीतून घडते, हा क्रिस्टेवा यांनी १९६०च्या दशकात मांडलेला विचार साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. सामान्य पात्राच्या बोलण्यात ही उसनवारी झाकलेली राहते. केन्कूच्या बोलण्यात ती उघडी पडते, कारण प्रत्येक शब्दावर मूळ मालकाचा स्वर चिकटलेला असतो.

२०१६च्या ग्रंथात खेळाडूसाठी दिलेला एक सल्लाही अर्थपूर्ण आहे. सतत आवाज काढत राहिल्यास खेळ कंटाळवाणा होतो. त्याऐवजी पात्र कोणता आवाज काढते आणि त्यातून काय सुचवते, याचे वर्णन करावे, असा त्याचा आशय आहे. म्हणजे केन्कू होणाऱ्या खेळाडूला प्रथमपुरुषी संवाद सोडून तृतीयपुरुषी निवेदनाकडे यावे लागते. नट आणि निवेदक यांतील अंतर या एका पात्रापुरते नियमानेच घडवले. ‘क्रिटिकल रोल’ या प्रक्षेपित खेळाच्या २०१८ साली सुरू झालेल्या दुसऱ्या कथामालेतील ‘किरी’ ही लहान केन्कू याच मर्यादेमुळे लक्षात राहते. सूत्रधाराने वठवलेली ही मुलगी आसपासच्या पात्रांची वाक्येच त्यांना परत ऐकवते. आपण तिला काय शिकवले, हे त्यांना तिच्या तोंडून कळते.

४

येथे नियमग्रंथाचा अंतर्विरोध स्पष्ट होतो. कथा सांगते की केन्कूजवळ प्रतिभा नाही. खेळ दाखवतो की उसन्या सामग्रीतून अर्थ घडवायला अधिकच प्रतिभा लागते. हा अंतर्विरोध समजून घेण्यास संस्कृत साहित्यशास्त्र उपयोगी पडते, कारण उसनवारीचा इतका बारकाईचा विचार फार थोड्या परंपरांनी केला आहे.

आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्द्योतात दोन कवींच्या रचनांमधील साम्याला ‘संवाद’ म्हटले आणि त्याचे तीन प्रकार सांगितले : प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे आणि दोन सदृश देहधाऱ्यांसारखे. पहिल्या दोहोंचा कवीने त्याग करावा. तिसरे मात्र ग्राह्य, कारण दोन माणसे दिसायला सारखी असली तरी प्रत्येकाचा आत्मा स्वतंत्र असतो. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त या विवेचनाचा विस्तार केला आणि शब्दहरण, अर्थहरण यांची चर्चा अनेक अध्यायांत केली. या शास्त्रकारांच्या मते प्रश्न ‘घेतले की नाही’ हा नाही. घेतलेल्यात नवा प्राण आला की नाही, हा आहे. केन्कूचा सुटा ध्वनी प्रतिबिंबवत् असतो. प्रसंगात योजलेला तोच ध्वनी तुल्यदेहिवत् होतो. नियमग्रंथाने या दोन पातळ्यांची गल्लत केली आणि साधनाच्या मर्यादेवरून साधकाच्या आत्म्याविषयी निष्कर्ष काढला.

बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तील वैशंपायन नावाचा पोपट या संदर्भात आठवणे अपरिहार्य आहे. शूद्रक राजापुढे तो कथा सांगतो; ती त्याने जाबाली ऋषींच्या तोंडून ऐकलेली आहे. बाणाच्या मुलाने पुऱ्या केलेल्या उत्तरभागात उलगडते की, हा पोपट पूर्वी मनुष्य होता आणि भलत्या ठिकाणी प्रेमाची बडबड केल्यामुळे महाश्वेतेने त्याला शुकयोनीत ढकलले. शापित पक्षी, उसनी कथा आणि पोपटपंचीचीच शिक्षा हे तीनही घटक येथे आहेत. पण बाणाचा पोपट प्रतिभाशून्य नाही. ज्या ग्रंथाच्या नावावरून मराठीने एका संपूर्ण वाङ्मयप्रकाराचे नाव घेतले, त्याचे निवेदन तोच करतो. शिवाय त्याचा शाप एका व्यक्तीच्या एका अपराधाचा आहे. तो भोगून संपतो आणि वंशाला लागत नाही.

५

केन्कूच्या शापातील दोष नेमका येथेच होता. पूर्वजांच्या अपराधासाठी संपूर्ण वंश जन्मतःच निर्मितिक्षमतेला मुकला, या कथेची भाषा निरुपद्रवी नाही. जित समाज अनुकरणपटू आहे, त्याच्यात स्वतंत्र कल्पकता नाही, हे वसाहतवादी लेखनातील एक रूढ विधान होते. होमी भाभा यांनी १९८४च्या निबंधात या नकलेतच सत्तेला अस्वस्थ करणारी शक्ती कशी असते, हे दाखवले. मराठी कादंबरीवर अनुकरणाचा आरोप आणि त्यावरील वाद ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना कल्पित पक्ष्याविषयीचे हे वाक्य परके वाटणार नाही.

खेळाच्या प्रकाशकांनाही अशा वर्णनांचा पुनर्विचार करावा लागला. ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ने जून २०२०मध्ये काही वंशांच्या पूर्वीच्या चित्रणाविषयी जाहीर भूमिका घेतली, डिसेंबर २०२२मध्ये ‘वंश’ ही संज्ञा सोडून ‘प्रजाती’ ही संज्ञा स्वीकारण्याचे जाहीर केले आणि २०२४च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये ती रूढ केली. याच दरम्यान २०२२च्या ‘मॉन्स्टर्स ऑफ द मल्टिव्हर्स’मध्ये केन्कूची नोंद नव्याने लिहिली गेली. शापाची कथा गेली. केन्कू इतरांसारखाच बोलू लागला. नक्कल ही त्याची ऐच्छिक शक्ती झाली आणि अचूक स्मरण हे त्याचे वैशिष्ट्य ठरले. मॉन्स्टर म्हणून मुका असलेला जीव चाळीस वर्षांनी पूर्ण वक्ता झाला. केवळ न्यायाच्या दृष्टीने पाहिले तर ही सरळ प्रगती आहे.

रूपाच्या दृष्टीने मात्र येथे एक हानी झाली. छंदाचे बंधन हा कवीच्या जातीचा दोष असतो, असे कोणी म्हणत नाही. छंद स्वीकारला जातो आणि त्यातून काही अशक्यप्राय साधले जाते. केन्कूचा निर्बंधही असाच स्वीकारलेला छंद म्हणून मांडता आला असता : एखाद्या पंथाचे व्रत, मृतांचे आवाज जपणाऱ्यांची रीत, किंवा ज्या लोकांमध्ये उद्धृत करणे हाच आदराचा प्रकार आहे अशांचा शिष्टाचार. २०२२च्या नोंदीत आलेला स्मृतीचा उल्लेख या दिशेचे पहिले पाऊल ठरू शकला असता. परंतु तेथे स्मृती फाशाच्या हिशेबातील एक लाभ होऊन राहिली आणि बोलण्याच्या रीतीशी असलेले तिचे नाते तुटले. नियमग्रंथाने शाप आणि छंद यांना एकच मानले, म्हणून एकाबरोबर दुसराही गेला.

छापील नियम हा या खेळातील अंतिम शब्द नसतो, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. नियम बदलले तरी टेबलाभोवतीचा खेळाडू अजूनही उसन्या आवाजात बोलण्याचे ठरवू शकतो. फरक एवढाच की, आता ती त्याची निवड असेल, त्याच्या पात्राच्या रक्तातील उणीव नसेल. २०१६च्या केन्कूने उद्धृतातून बोलण्याची शक्यता दाखवली. २०२२च्या केन्कूने त्या बोलण्यावरचा कलंक पुसला. आनंदवर्धनाचा निकष लावायचा तर तिसऱ्या प्रकारचा संवाद या दोहोंच्या संयोगातूनच संभवतो. तो साधण्याचे काम यापुढे नियमकर्त्यांपेक्षा खेळाडूंकडे आणि सूत्रधारांकडे अधिक आहे.