चाक आणि मडगार्ड यांमधील अंतर : आइसलँडमधील वाहन-फेरबदलाचा इतिहास व भारताची दक्षिण ध्रुव मोहीम (२०१०)

प्रस्तावना

भारताच्या अंटार्क्टिक संशोधनाचा इतिहास सामान्यतः मोहिमांची वर्षे आणि नेत्यांची नावे या क्रमाने सांगितला जातो. डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखालील पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली व ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर पोहोचली. नोव्हेंबर २०१० मध्ये डॉ. रसिक रवींद्र यांच्या नेतृत्वाखाली भारतीय शास्त्रज्ञ दक्षिण ध्रुवावर पोहोचले. या नोंदी महत्त्वाच्या आहेतच; परंतु ही माणसे ध्रुवापर्यंत कशावर बसून गेली, हा प्रश्न त्यांत मागे पडतो. त्या वाहनाच्या चाकामागील इतिहास मांडण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. वाहनाचे तंत्रज्ञान कारखान्यात पूर्ण होत नाही, वापरणाऱ्यांच्या गरजेतून ते पुन्हा घडते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

आइसलँडच्या भूभागाचा सुमारे एक दशांश भाग हिमनद्यांनी व्यापलेला आहे. मे १९४० मध्ये ब्रिटिश सैन्य व १९४१ पासून अमेरिकन सैन्य या बेटावर उतरले. त्यांच्याबरोबर आलेल्या जीपगाड्या युद्धानंतर स्थानिक लोकांच्या हाती आल्या. रस्ते नसलेल्या अंतर्भागात जाण्यासाठी लोक या गाड्यांत आपापल्या परीने बदल करू लागले. १९८० च्या दशकात या प्रयत्नांना निर्णायक वळण मिळाले. मोठ्या टायरमधील हवा बरीच कमी केल्यास तो पसरतो, गाडीचे वजन अधिक जागेवर विभागले जाते आणि गाडी भुसभुशीत बर्फात न रुतता त्यावरून चालते, हे अनुभवातून लक्षात आले. रस्त्यावर दर चौरस इंचाला सुमारे ३० पौंड असणारा हवेचा दाब बर्फावर दोन-तीन पौंडांपर्यंत खाली आणला जाऊ लागला.

समस्येचे स्वरूप

मोठा टायर बसवताच तो गाडीच्या अंगाला घासू लागतो. पिकअपचा ३० इंच व्यासाचा मूळ टायर काढून ४४ इंचांचा बसवला, तर त्रिज्या ७ इंचांनी वाढते. स्टेअरिंग पूर्ण वळवले असता पुढचे चाक बंपरला, मडगार्डच्या मागच्या कडेला किंवा चेसिसला लागते. खड्ड्यात स्प्रिंग दबली की तेच चाक वर जाऊन मडगार्डच्या आतील पत्र्याला घासते. हवा कमी केल्यावर टायरच्या बाजू फुगतात, त्यामुळे जागेचा हिशेब त्या फुगीर आकारावरून करावा लागतो.

यावर सर्वांत सोपा वाटणारा उपाय म्हणजे गाडी उचलणे. मात्र गाडी जितकी उंच, तितका तिचा गुरुत्वमध्य वर जातो आणि उतारावर ती कलंडण्याचा धोका वाढतो. म्हणून आइसलँडच्या कारागिरांनी गाडी गरजेपुरतीच उचलण्याचा मार्ग पत्करला. उरलेली जागा त्यांनी मडगार्डचा पत्रा कापून, कडा नव्याने जोडून व त्यावर रुंद पट्ट्या बसवून मिळवली; काही गाड्यांत ॲक्सलच पुढे-मागे सरकवला. चाकाच्या एका फेऱ्यात आता सुमारे ४७ टक्के अधिक अंतर कापले जात असल्याने ॲक्सलमधील गिअरचे प्रमाण व वेगमापकही बदलावे लागले. म्हणजे एका टायरसाठी जवळजवळ संपूर्ण गाडीचा फेरविचार करावा लागला.

कार्यशाळेपासून ध्रुवापर्यंत

या विखुरलेल्या अनुभवाला १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘आर्क्टिक ट्रक्स’ या आइसलँडमधील संस्थेने व्यावसायिक रूप दिले. तिच्या गाड्यांच्या नावांतील ३५, ३८, ४४ हे आकडे टायरचा इंचांतील व्यास दर्शवतात. कारखान्याने दिलेल्या नावापुढे फेरबदलाचे माप लागावे, ही बाब बोलकी आहे. २००७ मध्ये ३८ इंची टायरच्या टोयोटा हायलक्स गाड्या चुंबकीय उत्तर ध्रुवाच्या १९९६ मधील स्थानापर्यंत पोहोचल्या.

दक्षिण ध्रुवावर यंत्रवाहन नेण्याची परंपरा त्याहून जुनी आहे. ४ जानेवारी १९५८ रोजी एडमंड हिलरी पट्टे बसवलेल्या फर्ग्युसन ट्रॅक्टरांनी तेथे पोहोचले होते. तेही मुळात शेतीचे वाहन होते. भारतीय मोहिमेने चाकांची निवड केली. गोव्यातील राष्ट्रीय अंटार्क्टिक व महासागर संशोधन केंद्राच्या (२०१८ पासून राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र) या मोहिमेत ४४ इंची टायरच्या हायलक्स गाड्या वापरण्यात आल्या. आठ सदस्यांचे पथक १३ नोव्हेंबर २०१० रोजी मैत्री केंद्रावरून निघाले आणि २२ नोव्हेंबर रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले. या दोन ठिकाणांमधील सरळ अंतरच दोन हजार किलोमीटरहून अधिक आहे.

समारोप

ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या ग्रंथात तंत्रज्ञानाचा इतिहास शोधाऐवजी वापराच्या अंगाने लिहावा, असा आग्रह धरला. प्रस्तुत उदाहरण त्या आग्रहाला पुष्टी देते. येथे एका बाजूचा शोधकर्ता दाखवता येत नाही. पत्रा कापणारे, जोडणारे आणि पुन्हा बर्फावर जाऊन तपासणारे अनेक हात दिसतात.

आपल्याकडे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलांवर निर्बंध आहेत, व सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका स्पष्ट केली. रस्त्यावरील सुरक्षिततेच्या दृष्टीने तिचे समर्थन करता येते. आइसलँडमध्ये मात्र अशा गाड्यांची वेगळी तपासणी होऊन त्यांची ‘बदललेले वाहन’ म्हणून नोंद होते. कोणता मार्ग योग्य, हा कायद्याच्या अभ्यासकांचा विषय आहे. इतिहासाच्या अध्यापकापुढील प्रश्न वेगळा आहे. ज्या कौशल्याच्या आधारे भारतीय शास्त्रज्ञ ध्रुवावर पोहोचले, त्याच प्रकारचे कौशल्य आपल्या गॅरेजांतही पिढ्यान्पिढ्या आहे. परंतु त्याची लेखी नोंद फारशी होत नाही. ती घेणारे हात हयात असतानाच हे काम हाती घेतले, तर मौखिक इतिहासाचे एक मोठे दालन आपल्या विद्यार्थ्यांसमोर खुले होईल.